तापीला काही खायला घालू नये

शनिवार आला की आजही माझं डोकं फिरतं. नवऱ्याला हे माहीत आहे, म्हणून तो शनिवारी माझ्याशी वाद काढत नाही. माझी मुलगी पहिलीत आहे. तिला वाटतं, आईला अर्ध्या दिवसाची शाळा आवडत नाही. तिला खरं कारण सांगायला बसले की माझा आवाज चढतो आणि गोष्ट अर्धवट राहते, म्हणून एकदाच कागदावर उतरवते आहे. एवढ्या वर्षांनी माणसानं शांत व्हावं असं मला बरेच जण सुचवतात. त्यांतल्या एकालाही आपल्या भावाला रुळाच्या कडेवरून कॉलर धरून ओढावं लागलेलं नाही.

तेव्हा आम्ही जळगावात पिंप्राळ्याच्या एका कॉलनीत राहायचो. दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, पुढे चार फरश्यांचं अंगण आणि लोखंडी गेट. वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो. ते यावलकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे आणि रोज बसनं जाऊन-येऊन करायचे. मी नववी संपवून दहावीच्या उंबरठ्यावर होते. आणि चैतू, माझा धाकटा भाऊ, आठ वर्षांचा. डॉक्टरांनी आम्हाला स्वमग्नता हा शब्द सांगितला होता. कॉलनीनं त्याच्यासाठी आपापले शब्द शोधले होते, ते मी इथे लिहिणार नाही. चैतू बोलायचा नाही, पण गप्पही नसायचा. उठल्यापासून त्याच्या घशातून एक बारीक गुणगुण चालू असायची. मिक्सर लावला की तो कान दाबून पलंगाखाली शिरायचा, म्हणून आमच्याकडे ठेचा, चटण्या, भरतातल्या मिरच्या आणि लसूण, सगळं खलबत्त्यात कुटलं जायचं. कुकरची शिटी चालायची नाही, म्हणून डाळ उघड्या पातेल्यात तासभर रटरटायची. त्याला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी लागायची, आणि ती अख्खी. मोडून वाढली तर तो दोन तुकडे पुन्हा एकमेकांना जोडून बघायचा, जुळले नाहीत की भिंतीवर डोकं आपटायचा. आई एका हातानं तव्यावरची भाकरी उलटायची आणि दुसऱ्या हातानं त्याचा शर्ट धरून ठेवायची. ती स्वतः सगळ्यांच्या शेवटी, ओट्याशी उभी राहून, गार झालेलं जेवायची.

शर्ट धरायचं कारण एवढंच की चैतू पळायचा. घराबाहेर पडायचा, आणि पडला की रेल्वे फाटकाकडे सुटायचा, कारण मालगाडीच्या डब्यांचा धडधडाट हा जगातला एकच मोठा आवाज त्याला आवडायचा. मिक्सरला भिणारं पोर मालगाडीसाठी जीव टाकायचं. दोनदा त्याला रिक्षावाल्यांनी ओळखून घरी आणून सोडलं. तिसऱ्यांदा तो फाटकाच्या दांड्याला धरून उभा सापडला. मग आईनं एक जुनी ओढणी त्याच्या कमरेला बांधायला सुरुवात केली, दुसरं टोक आपल्या मनगटाला. त्यावर कॉलनीतल्या बायका एकमेकींना म्हणाल्या, पोराला गुरासारखं बांधलंय. आईनं ते ऐकलं आणि गाठ आणखी घट्ट केली. त्या बायकांपैकी एकीनंही कधी म्हटलं नाही की वहिनी, तासभर मी बघते, तुम्ही पाठ टेका.

धुळ्याच्या मावशीनं आम्हाला नानांचं नाव सांगितलं. नाना म्हणजे पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झालेला एक उंच, वाळका म्हातारा. धुळ्यातच, देवपुराच्या पुढे, मोकळ्या प्लॉटवर, पत्र्याच्या शेडमध्ये तो कुत्री शिकवायचा. चोर पकडणारी नाहीत. चैतूसारख्या मुलांना सांभाळणारी. वर्षाकाठी एखादं-दुसरं कुत्रं तयार व्हायचं आणि थांबलेली घरं बरीच असायची. आमचा नंबर यायला दोन उन्हाळे गेले. नंबर लागला तेव्हा नानांनी फोनवर एवढंच सांगितलं की सुट्टी लागली की पोराला घेऊन या, तीन आठवडे राहायची तयारी ठेवा. आम्ही मावशीकडे मुक्काम ठोकला. भाऊ शाळेची कामं उरकून रविवारी रविवारी यायचे.

ती कुत्री लॅब्रॅडोर होती, नाकाच्या शेंड्यापासून शेपटापर्यंत काळी कुळकुळीत. नानांनी तिचं नाव तापी ठेवलं होतं. आम्ही शेडमध्ये शिरलो तेव्हा ती चैतूजवळ आली, त्याला न हुंगता त्याच्या शेजारी बसली आणि त्याच्याकडे बघत राहिली. आई हरखून म्हणाली, "किती शिकलेली आहे हो!" नाना म्हणाले, "कुत्री बठ्ठं शिकेल शे. आते तुमले शिकनं शे." कुत्री सगळं शिकलीय, आता शिकायचं तुम्ही, हे मला उद्धट वाटलं. तीन दिवसांत कळलं की म्हातारा शब्दशः खरं बोलत होता.

रीत अशी होती. तापीच्या छातीवर जाड निळा पट्टा, चैतूच्या कमरेला तसाच पट्टा, आणि दोघांमध्ये आकड्यानं जोडलेली दोन हातांची दोरी. तापीची साखळी आमच्यापैकी मोठ्या माणसाच्या हातात. चैतू पळायला लागला की तापीनं जागच्या जागी बसायचं, सगळं वजन जमिनीत घालून, आणि तो थांबेपर्यंत उठायचं नाही. आम्ही ओढायचं नाही, ओरडायचं नाही, हुकूम दुसऱ्यांदा द्यायचा नाही. आईला हुकूम एकदाच द्यायला शिकायला आठवडा लागला. आठ वर्षं तिनं प्रत्येक गोष्ट पन्नासदा सांगितली होती. सरावासाठी पट्टा माझ्या कमरेला बांधून मला पळायला लावायचे. पहिल्या दिवशी मी जोरात सुटले, तापी बसली, आणि मी तोंडावर आपटले. नाना माझ्याकडे न बघता तापीला म्हणाले, "शाब्बास बेटा." ढोपरं सोलवटलेली, तोंडात धुळ्याची धूळ, वरून हे कौतुक तिचं.

आणि खाण्याचा नियम. हा त्यांनी इतक्यांदा सांगितला की मला आजही त्यांच्या आवाजात ऐकू येतो. तापीला खायला फक्त आईच्या हातून, एकाच स्टीलच्या भांड्यात, दिवसातून दोनदा, शेजारी चैतूला बसवून. अंगावर कामाचा पट्टा असताना कोणाच्याही हातून काहीही नाही. बिस्कीट नाही, भाकरीचा कोपरा नाही. आईनं कारण विचारलं तर म्हणाले, "ताई, ही पोऱ्याकडे देखस, म्हनून पोऱ्या वाचस. ज्या दिन ही लोकेसना हातकडे देखाले लागी, त्या दिन पोऱ्या गया समज." भाऊंनी हे वहीत उतरवून घेतलं. मास्तरांचं सुंदर अक्षर, खाली पट्टीनं मारलेली रेघ. नानांनी शेवटी बजावलं की तीन महिन्यांनी मी जळगावला येऊन बघणार, कुत्री बिघडलेली दिसली तर परत नेणार, कारण यादीत पुढचं पोर वाट बघतंय.

जळगावला परतल्यावर पहिले दोन आठवडे आमच्या घराचं सोनं झालं होतं. आई तापीला आणि चैतूला घेऊन भाजीबाजारात गेली. मीही मागे होते. लांबून मालगाडीचा भोंगा वाजला, चैतूचे खांदे उचलले गेले, तो सुटला, आणि तापी मेथीच्या ढिगाशेजारी मट्टकन खाली बसली. चैतूला हिसका बसला. त्यानं मागे वळून बघितलं, पुन्हा ओढलं, ती हलेना. मग तो परत आला, तिच्या कानाची पाळी चिमटीत धरली आणि उभा राहिला. आई तिथेच रस्त्याच्या कडेला पिशवी टेकवून बसली आणि रडली. त्या दिवशी दुपारी तापी चैतूच्या पायाशी पसरली होती, आणि आईनं आठ वर्षांत पहिल्यांदा मांडी घालून गरम भाकरी खाल्ली, वर कच्चं तेल आणि ठेचा घेऊन. मी तिला वाढत होते. तिनं तिसरी भाकरी मागून घेतली.

मग शनिवार उगवला. समोरच्या घरातल्या अक्का ताटलीत पोळी घेऊन गेटशी आल्या. पोळीला तेल चोपडलेलं, वर चार काळे तीळ. अक्का वाईट बाई नव्हत्या, हे मला लिहिलंच पाहिजे. चैतू तान्हा असताना त्याला तेल लावून न्हाऊ घालायला त्याच येत. पण त्यांचा मुलगा तीन वर्षं नोकरीविना घरी होता, ज्योतिषानं साडेसाती सांगितली होती, आणि शनिवारी काळ्या कुत्र्याला तेलाची पोळी घालायचा उपाय दिला होता. काळं कुत्रं शोधत बिचाऱ्या गल्लोगल्ली फिरायच्या. आता ते घरासमोरच येऊन बसलेलं. आईनं हात जोडून समजावलं की हिला बाहेरचं चालत नाही, चैतूच्या जिवाचा प्रश्न आहे. अक्का म्हणाल्या, "नाव काय म्हणाले हिचं? तापी? माय वं! तापी तर शनिदेवाची सख्खी बहीण. अन् तुम्ही बहिणीला भावाचा नैवेद्य घेऊ देत नाही?"

झालं. पुढच्या शनिवारी गेटशी सहा जण होते. त्याच्या पुढच्या शनिवारी शेजारच्या कॉलनीतला एक माणूस स्कूटरवर आला, पोळी हेडलाइटवर ठेवली आणि गेटबाहेरून "यू यू" करायला लागला. मी पुठ्ठ्याचा बोर्ड रंगवून गेटला टांगला: ही कामाची कुत्री आहे. तापीला काही खायला घालू नये. आठवड्यात त्या बोर्डाला कोणीतरी लिंबू-मिरची बांधून गेलं. पोळ्या आता गेटवरून आत पडायला लागल्या. तापीचं पोट बिघडलं, अंगणात घाण झाली, ती आईनं उपसली. मी गेटशी उभी राहून एकेकाला हाकलायची. स्कूटरवाला म्हणाला, "मुलीच्या जातीला एवढी जीभ बरी नाही." मी त्याची पोळी उचलून त्याच्याच डिकीवर चिकटवली. भाऊ शाळेतून आले, त्यांना हे कळलं, तर ते मलाच म्हणाले, "अगं, जाऊ दे. श्रद्धा असते एकेकाची. गोड बोलून पाठवावं." भाऊंना कोणाला नाही म्हणता यायचं नाही. विम्याचा एजंट, वर्गणीवाले, उसना कुकर मागायला आलेले, सगळ्यांना ते हो म्हणायचे आणि निस्तरायची आई.

शेवटी आईनं ठरवलं की शनिवारी तापीला बाहेर काढायचंच नाही. दार लावायचं, पडदे ओढायचे. लोक आपल्या पीडा उतरवायला मोकळे आणि आम्ही घरात कोंडलेले. चैतूला फिरायची वेळ चुकलेली कळायची. तो दारावर थपडा मारायचा, मग डोकं. म्हणून भाऊ म्हणाले की शनिवारी मी दुपारीच घरी येतो, पाच वाजता दोघांना मागच्या बाजूनं फिरवून आणत जाईन, तिकडे कोणी नसतं. आईनं त्यांच्याकडे किती कौतुकानं बघितलं होतं, ते मला आठवतं. मीही बघितलं होतं. माझा बाप शेवटी आमच्या बाजूनं उभा राहिला असं मला वाटलं, आणि आज ते आठवलं की मला माझाच संताप येतो.

तरीही तापी बिघडत चालली. बाजारात ती चैतूवरून नजर काढायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाताकडे बघायची. एकदा चैतूनं ओढलं तेव्हा ती बसायला दोन पावलं उशिरा बसली. आई घाबरली. नानांचे तीन महिने भरत आले होते. कोण घालतंय हिला, हे शोधायला मी अक्कांच्या घरावर पाळत ठेवली, बोर्ड नव्यानं रंगवला, दूधवाल्याशीसुद्धा भांडले.

श्रावणातला शनिवार होता. भाऊ दोघांना घेऊन निघाले आणि पाच मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की चैतूची कानटोपी खुंटीवरच राहिली आहे. स्कूटर-रिक्षांचे हॉर्न वाजले की ती कानावर लागायची, नाहीतर रस्त्यात तमाशा. मी टोपी घेऊन धावले. मागच्या बाजूला ते नव्हते. फाटकाकडच्या मारुतीच्या देवळाशी श्रावणी शनिवारची ही गर्दी, तेलाच्या वाट्या, रुईच्या माळा. देवळाच्या पाठीमागे पिंपळाखाली मला भाऊंचा पांढरा शर्ट दिसला. त्यांच्या पायाशी डब्याची पिशवी उघडी होती. एका हातात होमिओपॅथीच्या औषधाची लहान बाटली, तिच्यात तेल. दुसऱ्या हातात पोळी. ती आईनं सकाळी त्यांच्या डब्यात दिलेली पोळी होती. दोन दिल्या होत्या, त्यांनी एक खाल्ली होती आणि एक परत आणली होती. त्यांनी ती चैतूच्या डोक्यावरून तीनदा ओवाळली. मग खाली वाकून तापीच्या पट्ट्यातून चैतूचा आकडा काढला, तिचा कामाचा पट्टाही उतरवला, नीट घडी करून पिशवीत ठेवला, आणि पोळी तिच्यापुढे धरली. कामाचा पट्टा असताना खाणं नाही, हा नियम वहीत लिहिला होता ना. तो त्यांनी पाळला.

मी हाक मारायच्या आत मालगाडीचा भोंगा वाजला. चैतू सुटला. भाऊंनी त्याचा दंड पकडला, पण हात तेलानं माखलेला, दंड निसटला. तापीनं मान वर केली, चैतूकडे बघितलं, आणि पुन्हा पोळीत तोंड घातलं. तिच्याकडून मला दुसरी अपेक्षा नव्हती; तिला सुट्टी दिलेली होती. फाटक पडलेलं होतं, पुढे स्कूटर आणि रिक्षांची दाटी. चैतू त्यांच्या मधून वाट काढत गेला आणि दांड्याखालून आत शिरला. मीही शिरले. लोक ओरडत होते, धरा धरा म्हणत होते, धरत मात्र कोणी नव्हतं. इंजिन दिसत होतं. मी त्याची कॉलर पकडली, मागे खेचलं आणि त्याच्यासकट खडीत पडले. त्यानं माझ्या हाताला कडकडून चावा घेतला. गाडी आमच्या समोरून गेली, डबा, डबा, डबा, आणि चैतू माझ्या अंगावर पडल्या पडल्या दोन्ही हात फडफडवत गुणगुणत होता. इतका आनंदात मी त्याला कधी बघितलं नव्हतं.

गाडी गेल्यावर भाऊ आले. तोंड पांढरं फटक पडलेलं, हात पुढे धरलेले, तेलकट. ते पहिलं वाक्य काय बोलले असतील? लागलं का, असं नाही. चैतू बरा आहे का, असंही नाही. ते म्हणाले, "आईला सांगू नको." मी तिथे, फाटकापाशी, अर्ध्या पिंप्राळ्यासमोर, त्यांच्यावर ओरडले. "तुम्ही मास्तर आहात ना? शनी म्हणजे वायूचा गोळा आहे, त्याला कडी आहेत, हे फळ्यावर चित्र काढून मला तुम्हीच शिकवलंत ना?" ते म्हणाले, "पट्टा काढला होता गं मी. नियम नव्हता मोडला." तेव्हा मला त्यांना मारावंसं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं होतं हे खरं आहे.

घरी जाऊन मी सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. आईनं माझा हात नळाखाली धरला, हळद दाबली, पट्टी बांधली. मग तिनं भाऊंना विचारलं, "किती शनिवार?" भाऊ म्हणाले, "सात." शाळेतल्या एका सहकाऱ्यानं चैतूची पत्रिका बघून साडेसाती सांगितली होती. "मी बाप आहे त्याचा," भाऊ म्हणाले, "सगळे आपापल्या पोरांसाठी आपल्या दारात पोळ्या आणत होते. मी माझ्या पोरासाठी काय करायला हवं होतं?" आई म्हणाली, "दोरी धरायला हवी होती." मग तिनं नानांना फोन लावला. ती काहीच न सांगता तापीला पुन्हा वळण लावायला बघू शकली असती. पण तिनं सगळं सांगितलं, आणि वर म्हणाली की तुम्हाला योग्य वाटेल ते करा.

रविवारी सकाळच्या एस.टी.नं नाना धुळ्याहून आले. पाणीसुद्धा न घेता त्यांनी तापीला पट्टा चढवला, चैतूला जोडलं, आणि समोर उभं राहून रिकामी मूठ पुढे केली. तापी मुठीकडे बघायला लागली. चैतूनं ओढलं तरी ती मुठीकडेच बघत होती. "देखा," नाना म्हणाले, "हात रिकामा शे. तरी बी हातकडेच देखी ऱ्हायनी." आईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं आता साखळी उचलतात आणि निघतात. ते भाऊंकडे वळले. "मास्तर, कुत्रीना दोष नही. येत्या शनवारले मी यीसू. गेटवर तुम्ही उभा ऱ्हावा, पोर नही, ताई नही. एक बी पोळी गेटना आत उनी, तर मी कुत्रीले लई जासू. कुत्रीले मी आठ दिनमा सुधारी टाकसू. तुमनं काय ते तुम्ही देखा."

ते आठ दिवस नाना मावशीच्या ओळखीच्या घरी जळगावातच राहिले. रोज येऊन आईच्या आणि माझ्या मुठींवर तापीला तयार करायचे. मूठ उघडायची, रिकामी दाखवायची, ती चैतूकडे वळली की शाब्बास. शेकडो वेळा. घरात भाऊंशी मी बोलत नव्हते. ते डबा घेऊन जायचे, डबा आणून ठेवायचे. शनिवारी त्यांनी रजा टाकली.

नाना अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. तापीची साखळी माझ्या पट्टी बांधलेल्या हातात, चैतू तिला जोडलेला. भाऊ गेटशी. अक्का ताटली घेऊन आल्या, श्रावण म्हणून मागे आणखी चार बायका. भाऊ म्हणाले, "अक्का, आजपासून नाही." अक्का दुखावल्या. "भाऊ, तुम्ही पण? तुम्ही तर भले माणूस." मग माझ्या वडिलांनी ते सांगितलं. मान खाली होती, पण सगळं सांगितलं. "मीच घालत होतो तिला, अक्का. सात शनिवार. पोळी घालायला मी त्याला दोरीतून सोडलं, आणि तो गाडीसमोर गेला."

अक्कांनी तोंडावर हात ठेवला. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. मला वाटलं, संपलं, आता यांना कळलं. अक्का म्हणाल्या, "माय वं! अन् वाचला! गाडी समोर अन् पोर वाचलं! कशानं वाचलं सांगा भाऊ? सात शनिवार तुम्ही पोळी घातली, त्यानंच वाचलं." मागच्या बायकांनी माना डोलावल्या. एकीनं तापीला नमस्कार केला. चार दातांच्या खुणांची पट्टी बांधलेला माझा हात त्यांच्या डोळ्यांसमोर होता, आणि तो कोणालाही दिसला नाही. मी ओरडायला तोंड उघडलं. नानांनी खुर्चीतूनच बोट वर करून मला गप्प केलं.

भाऊ अक्कांकडे बघत होते. मला त्यांचा चेहरा बाजूनं दिसत होता. अक्कांचं म्हणणं खरं धरलं तर त्यांचा काही गुन्हाच उरत नव्हता; उलट त्यांनीच पोराला वाचवलं होतं. गेटच्या कडीवरचा त्यांचा हात ताटलीकडे उचलला गेला. अक्कांनी ताटली आणखी पुढे केली. तो हात हवेत तसाच राहिला, मग खाली आला आणि त्यांनी कडी लावली. "नाही अक्का," ते म्हणाले. "त्याला माझ्या मुलीनं वाचवलं."

बायका बडबडत गेल्या. नाना उठले, आईला म्हणाले, "ताई, चहा ठेव. कुत्री ऱ्हायनी." तापी आमच्याकडे राहिली आणि पुढे कितीतरी वर्षं तिनं चैतूला सांभाळलं. भाऊ त्यानंतरचा प्रत्येक शनिवार गेटवर उभे राहिले आणि लोकांची बोलणी खात राहिले. आई म्हणते, एवढं पुरे आहे, माणूस चुकतो, सावरतो. तिला तो हात दिसला नव्हता, ती स्वयंपाकघरात होती. मला दिसला. चैतू समोर होता, माझी पट्टी समोर होती, तरी त्यांना विचार करावा लागला. त्यांनी कडी लावली, मुलीनं वाचवलं म्हणाले, सगळं खरं आहे. पण मधे ते थांबले होते, आणि ते थांबणं मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.